तिकीट घेणारे आणि सामना घडवणारे

१९ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी इटलीतल्या बर्गामो शहरातून आणि आसपासच्या गावांतून सुमारे ४० हजार माणसं मिलानच्या सान सिरो स्टेडियमकडे निघाली. त्यांचा अटलांटा हा फुटबॉल क्लब पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीत पोचला होता. बर्गामोचं मैदान युरोपीय स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून व्हॅलेन्सियाविरुद्धचा सामना मिलानला ठेवला होता. अटलांटानं तो ४-१ असा जिंकला. प्रत्येक गोलनंतर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि भरलेल्या बसगाड्यांतून गाणी म्हणत घरी परतली. दोनच दिवसांत इटलीत कोविडच्या स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण समोर आला. पुढच्या महिन्यात बर्गामोतल्या शवपेट्या लष्कराच्या ट्रकांमधून दुसऱ्या शहरांत न्याव्या लागल्या. त्या भागात साथ इतक्या झपाट्यानं पसरली, त्यात या सामन्याचा मोठा वाटा होता असं अनेक जाणकारांनी तेव्हा सांगितलं.

तीन आठवड्यांनी, ११ मार्चला, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर ५२ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्यांत सुमारे ३ हजार अ‍ॅटलेटिको माद्रिदचे पाठीराखे स्पेनहून आलेले. त्यांच्या देशात लीगचे सामने प्रेक्षकांविना खेळवायचा आदेश निघालेला होता, तरी इंग्लंडमध्ये येऊन स्टँडमध्ये उभं राहण्याची त्यांना मुभा होती. १३ मार्चला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, थांबली. ज्या गर्दीत सामील होणं ही क्लबवरच्या प्रेमाची खूण होती, त्याच गर्दीपासून लांब राहणं हे आता शेजाऱ्यावरचं प्रेम ठरलं. फुटबॉलच्या पाठीराख्यांनी ते निमूटपणे स्वीकारलं, आणि त्याबद्दल त्यांचं म्हणावं तेवढं कौतुक झालं नाही.

त्यानंतर जे घडलं त्याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही असं मला वाटतं. स्टेडियम पुन्हा भरली, तिकिटं मिळेनाशी झाली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं असा समज पसरला. माझं मत वेगळं आहे. स्टेडियम बंद असलेल्या त्या दीड वर्षात स्टँडमधल्या माणसाचं सामन्यातलं स्थान आकड्यांनिशी सिद्ध झालं: तो खेळ पाहत नाही, खेळ घडवतो. आणि त्याच दीड वर्षात क्लबांना कळलं की तो नसला तरी टीव्हीच्या पैशावर गाडा चालतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली विसरून दुसरीवरच पुढची धोरणं आखली गेली, ही माझी तक्रार आहे.

१६ मे २०२० ला मोठ्या युरोपीय लीगपैकी जर्मनीची बुंडेसलिगा सर्वांत आधी परतली. पहिल्याच दिवशी डॉर्टमुंड आणि शाल्क समोरासमोर होते. डॉर्टमुंडच्या मैदानाची क्षमता ८१ हजारांहून जास्त. त्यातला दक्षिणेकडचा एकच स्टँड सुमारे २५ हजार माणसांना उभं करतो. पिवळ्या कपड्यांतली ती भिंत पाहायला लोक परदेशांतून येतात. त्या दिवशी तिथे फक्त काँक्रीट होतं. अर्लिंग हालांडनं गोल केला, संघानं अंतर राखून कोपऱ्यात नाच केला. सामना संपल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू रिवाजाप्रमाणे त्या रिकाम्या स्टँडसमोर जाऊन ओळीनं उभे राहिले. टीव्हीवर हे पाहताना प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येत होता, बूट चेंडूवर आदळल्याचा आवाज ऐकू येत होता. काहींना ते नवं आणि रोचक वाटलं. मला मात्र एखादा सराव चोरून पाहतोय असं वाटत राहिलं. पासिंग अचूक होतं, वेग होता, नियम तेच होते, तरी एखाद्या हल्ल्याचं ओझं वाढत चाललंय हे सांगणारं मैदानाबाहेर कुणीच नव्हतं.

हा नुसता भावनेचा मामला असता तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण २०२०-२१ चा प्रीमियर लीग हंगाम जवळजवळ पूर्णपणे प्रेक्षकांविना झाला आणि त्याचे आकडे उपलब्ध आहेत. ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च स्तरावर शतकाहून अधिक काळ लीग फुटबॉल खेळलं जातंय, आणि पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकले असा हंगाम त्याआधी कधीच झाला नव्हता. लिव्हरपूलचं उदाहरण पाहा. घरच्या मैदानावर सलग ६८ लीग सामने न हरलेला हा संघ जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीकडून हरला आणि तिथून घरी सलग सहा लीग सामने हरला. दुखापती होत्या, थकवा होता, हे मान्य. पण रिकामं अ‍ॅनफिल्डही होतं. त्याच सहांमध्ये एव्हर्टनचा विजय होता, १९९९ नंतरचा अ‍ॅनफिल्डवरचा त्यांचा पहिला. एकवीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो उजाडला तेव्हा एव्हर्टनचा एकही पाठीराखा मैदानात नव्हता.

पंचांच्या बाबतीतही असंच दिसलं. या काळावर युरोपातल्या वेगवेगळ्या लीगचे अनेक अभ्यास झाले. पाहुण्या संघाला पूर्वी जी जास्तीची पिवळी कार्डं मिळत ती प्रेक्षक नसताना कमी झाली, हा निष्कर्ष त्यांतून पुन्हा पुन्हा निघाला. म्हणजे इतकी वर्षं पंचाच्या मनावर जो दाब येत होता तो प्रवासाचा नव्हता, गवताचा नव्हता, ड्रेसिंग रूमचा नव्हता. तो हजारो गळ्यांतून येत होता. न्यायाच्या दृष्टीनं पंच निःपक्षपाती झाले हे चांगलंच म्हणायला हवं, आणि मी तसं म्हणतो. पण गर्दीचा खेळावर प्रत्यक्ष परिणाम होतो हेही त्याच पुराव्यानं ठरतं.

मैफलीत दाद मिळाली की गाणारा पुढची तान वेगळी घेतो; स्टँड आणि संघ यांचं नातं त्या जातीचं आहे. याचा एक पुरावा साथीच्या आधीचाही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडमधली सर्वांत महाग तिकिटं ७७ पौंडांना विकायचं ठरवलं. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे १० हजार लोक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० नं पुढे होतं. उरलेल्या वेळात संडरलंडनं दोन गोल करून बरोबरी साधली. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण २०२०-२१ च्या ३८० सामन्यांनंतर त्या संध्याकाळकडे नुसता योगायोग म्हणून पाहणं मला जमत नाही.

प्रक्षेपण करणाऱ्यांना ही उणीव पहिल्या दिवशीच कळली होती. इंग्लंडमध्ये सामने सुरू झाले तेव्हा टीव्हीवर कृत्रिम आवाजाचा पर्याय दिला गेला. तो एका व्हिडिओ गेमसाठी साठवलेल्या ध्वनींतून तयार केला होता. कुणीतरी बटण दाबून हल्ल्याच्या वेळी गलका वाढवायचा, चेंडू बाहेर गेला की हळहळ सोडायची. मोन्शनग्लाडबाखमध्ये चाहत्यांनीच पुढाकार घेऊन १९ युरोला एक याप्रमाणे स्वतःच्या फोटोंचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले. त्या पुतळ्यांमागे खरी माया होती, कृत्रिम आवाजामागे निव्वळ व्यवसाय. दोन्हींतून एकच कबुली मिळते की प्रेक्षकांशिवाय हा खेळ विकायला अपुरा पडतो. मग जे अपुरेपण भरून काढतात त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त पैसे का घ्यायचे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

पाठीराख्यांनी गमावलं ते ९० मिनिटांपुरतं नव्हतं. सीझन तिकीट, म्हणजे पूर्ण हंगामाचं तिकीट, घेणारा माणूस वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसतो. डावीकडचे काका, मागची ती मोठ्यानं ओरडणारी बाई, पुढच्या रांगेतले बापलेक यांच्याशी त्याचं नातं तयार होतं. त्यांची आडनावं त्याला ठाऊक नसतात, फोन नंबर नसतो, घर कुठे आहे याची कल्पना नसते. तरी त्यांच्या मुलीचं लग्न, गुडघ्याचं दुखणं, गेलेली नोकरी हे सगळं त्याला माहीत असतं. हे नातं फक्त त्या जागेवर जगतं. जागा बंद झाली आणि ही माणसं एकमेकांना एका दिवसात हरवली. अनेक क्लबांनी त्या दिवसांत आपल्या वृद्ध सीझन तिकीटधारकांना फोन केले. काही ठिकाणी खेळाडूच बोलले. त्या फोनची मला फार किंमत वाटते, कारण शनिवारची दुपार गेली म्हणजे या माणसांचं काय जातं हे क्लबमधल्या कुणाला तरी कळलं होतं. २०२१ मध्ये दारं उघडली तेव्हा काही खुर्च्यांवरची माणसं आली नाहीत. ती गेली, की आजारी आहेत, की परवडत नाही म्हणून थांबली, हे शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारायचं तरी कुणाला?

निरोपही राहून गेले. ब्रेंटफर्ड हा पश्चिम लंडनमधला छोटा क्लब १९०४ पासून ग्रिफिन पार्कवर खेळत होता. तिथला शेवटचा सामना २९ जुलै २०२० ला झाला. वरच्या स्तरावर जाण्यासाठीच्या प्ले-ऑफमधली स्वान्सीविरुद्धची उपांत्य लढत ब्रेंटफर्डनं ३-१ अशी जिंकली आणि ती पाहायला स्टँडमध्ये कुणी नव्हतं. चार पिढ्यांनी जिथे उभं राहून आयुष्य काढलं, त्या जागेचा निरोप लोकांनी घरातल्या पडद्यावरून घेतला. लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली आणि करंडक रिकाम्या कॉप स्टँडवर उभारलेल्या मंचावर उंचावला. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची इंडियन सुपर लीगमधली पहिली लढत २७ नोव्हेंबर २०२० ला झाली, तीही कोलकात्यापासून दूर, गोव्यातल्या वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना. शंभर वर्षं ज्या लढतीनं एक शहर दोन रंगांत वाटलं गेलं, ती त्या शहरात नव्हती आणि तिथे ती माणसंही नव्हती. सुरक्षिततेसाठी हे सगळं आवश्यक होतं. आवश्यक होतं म्हणून ते भरून निघालं असं मात्र होत नाही.

या काळातला सगळ्यात खोल बदल बाहेरून दिसत नाही, कारण तो सवयीत झाला. सामन्याला जाणं हा बहुतेक पाठीराख्यांसाठी कधी निर्णय नव्हताच. हंगाम सुरू झाला की जायचं, इतकंच. संघ वाईट खेळतोय, पाऊस आहे, तिकीट महागलंय, तरी जायचं, कारण वडील जात होते आणि शेजारी येणार आहे. दीड वर्षाच्या खंडानं ही साखळी तुटली. अनेकांना शनिवार मोकळा मिळाला आणि तो आवडलाही. पैसे वाचले. परक्या शहरातल्या सामन्यासाठी पहाटे उठून दिवसभराचा प्रवास करणं हे नैसर्गिक नाही, ते आपण निवडत होतो, हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात मोठ्या क्लबांची दारं बंद होती, पण खालच्या स्तरांवरच्या अर्धव्यावसायिक आणि हौशी क्लबांना काही शे प्रेक्षकांची परवानगी होती. अनेक जण तिकडे वळले. तिथे तिकीट थोडक्यात मिळतं, कुठेही उभं राहता येतं, खेळाडू नंतर येऊन बोलतो. त्यांतले काही परत गेलेच नाहीत. जर्मनीत २०२१ मध्ये मर्यादित प्रवेश सुरू झाला तेव्हा परवानगी असलेल्या खुर्च्याही काही मैदानांवर रिकाम्या राहिल्या. त्यामागे भीती होती, नियमांचा कंटाळा होता, आणि फुटबॉलच्या व्यवसायावरचा रागही होता. देशातली बाकी सगळी कामं ठप्प असताना फुटबॉलला मिळालेली खास सवलत तिथल्या संघटित चाहत्यांना सुरुवातीपासूनच पटली नव्हती.

सवयीचा निर्णय झाला म्हणजे प्रेम आटलं असं मी मानत नाही. उलट जो विचार करून परत आला त्याची बांधिलकी जास्त डोळस आहे. पण डोळस माणूस हिशेब विचारतो. साथीतच त्याची चुणूक दिसली. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रीमियर लीगनं काही सामने टीव्हीवर स्वतंत्रपणे १४.९५ पौंडांना विकायला काढले. लोक घरात कोंडलेले, अनेकांच्या नोकऱ्या गेलेल्या, सीझन तिकिटाचे पैसे आधीच भरलेले. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी ठरवलं की सामना विकत घ्यायचा नाही, तेच पैसे गरजूंना धान्य देणाऱ्या स्थानिक केंद्राला द्यायचे. एका सामन्यात हजारो पौंड जमले आणि इतर क्लबांच्या चाहत्यांनीही तोच मार्ग धरला. काही आठवड्यांत ती योजना गुंडाळावी लागली. या केंद्रांचं आणि मैदानांचं नातं जुनं आहे. न्यूकॅसलमध्ये आणि लिव्हरपूलमध्ये सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर पाठीराखे मदत गोळा करतात; लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे हाडवैरी त्या कामात एकत्र उभे असतात. स्टेडियम बंद झाल्यावर ती मदतही आटली होती. सामन्याचा दिवस शहरासाठी काय काय करतो, हे तो दिवस गेल्यावर मोजता आलं.

मग १८ एप्रिल २०२१ आला. युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी स्वतःची बंदिस्त सुपर लीग जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन आणि इटलीचे तीन क्लब होते. जगभरच्या टीव्ही प्रेक्षकांसाठी मोठे संघ एकमेकांशी सतत खेळतील आणि मूळ क्लबांना खाली घसरण्याची भीती राहणार नाही, अशी ही कल्पना. ती नेमकी त्या वेळी बाहेर आली याला कारण आहे. तिकीटविक्रीचं उत्पन्न शून्यावर आलं होतं, मोठ्या क्लबांवर कर्ज होतं, आणि वर्षभर रिकाम्या स्टेडियममधून सामने दाखवून झाले होते. स्टँडमधल्या माणसाला वगळून फुटबॉलची कल्पना करणं त्यांना त्या वर्षात सोपं गेलं. माझ्या मते सुपर लीग ही साथीची थेट अपत्य होती, जरी तिचे मनसुबे जुने असले तरी.

ती ४८ तासांत कोसळली, आणि कोसळवली ती स्टेडियमबाहेर जमलेल्यांनी. २० एप्रिलला त्या बारांपैकी एक असलेल्या चेल्सीचे पाठीराखे क्लबच्या स्टॅमफर्ड ब्रिज या मैदानाबाहेर रस्ता अडवून उभे राहिले. संघाची बस अडली. क्लबचा जुना गोलरक्षक पीटर चेक, तेव्हा क्लबचा अधिकारी, गर्दीत उतरून हात जोडल्यागत विनवत होता की आम्हाला वेळ द्या. त्याच रात्री इंग्लिश क्लबांची माघार सुरू झाली. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मैदानात घुसणं, पोलिसांना इजा होणं याचं समर्थन मी करणार नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. वर्षभर ज्यांना आत प्रवेश नव्हता, त्यांनीच बाहेरून सगळ्यात मोठा निर्णय फिरवला. जगभरच्या पडद्यांसमोर बसलेल्या आम्हा कोट्यवधी लोकांचाही राग होता. पण बस अडवायला तिथे राहणारी माणसं लागली.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन कोसळला. डॉक्टर त्याच्या छातीवर दाब देत होते, सहकारी त्याच्याभोवती कडं करून उभे होते. नंतर तो शुद्धीवर असल्याचं कळलं, तेव्हा फिनलंडच्या पाठीराख्यांनी ‘ख्रिश्चन’ अशी हाक दिली आणि डेन्मार्कच्या बाजूनं ‘एरिक्सन’ असं उत्तर आलं. कितीतरी वेळ दोन्ही बाजू हे म्हणत राहिल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. असला आवाज साठवलेल्या ध्वनींतून काढता येत नाही. पुढे १३ ऑगस्टला प्रीमियर लीगचा नवा हंगाम भरलेल्या मैदानावर सुरू झाला, तो ब्रेंटफर्डच्या नव्या घरी. ७४ वर्षांनी सर्वोच्च स्तरावर परतलेल्या त्या क्लबनं आर्सेनलला २-० नं हरवलं, आणि ग्रिफिन पार्कला हात न लावता निरोप दिलेली माणसं या वेळी जागेवर होती.

लोक परत आले, आणि मोठ्या संख्येनं आले. इंग्लंडमध्ये खालच्या विभागांतही प्रेक्षकसंख्या दशकांतल्या उच्चांकावर गेली. इथे क्लबांनी चुकीचा धडा घेतला. मागणी आहे, तर दर वाढवा. सीझन तिकीटधारकानं ठरावीक सामने गाठलेच पाहिजेत, नाहीतर तिकीट जाईल, असे नियम काही ठिकाणी आले. तिकीट मोबाइलमध्ये गेलं. साधा फोन वापरणारे वृद्ध अडले, आणि आजारी पडल्यावर शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती कार्ड देण्याची साधी पद्धत गुंतागुंतीची झाली. वृद्धांच्या सवलती आकसल्या. २०२४ च्या अखेरीस, हंगाम निम्म्यावर असताना, मँचेस्टर युनायटेडनं उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला. मुलांना किंवा निवृत्तांना त्यात सवलत नव्हती. त्या शहरातल्या एका बापानं तेव्हा दोन मुलांना घेऊन जायचं ठरवलं, तर जवळपास २०० पौंड फक्त आत शिरायला लागत.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे आणि ते हलकं नाही. क्लबांचं साथीत प्रचंड नुकसान झालं. स्टेडियम भरतंच आहे, मग दर जास्त कसे? आणि दूरच्या देशातून आयुष्यात एकदाच येणाऱ्या चाहत्याचं प्रेम कमी का मानायचं? शेवटचा मुद्दा मला टोचतो, कारण मी स्वतः बहुतेक फुटबॉल पडद्यावरच पाहिलंय. रात्री जागून सामना पाहणाऱ्याची निष्ठा मी कमी लेखणार नाही. त्याला आयुष्यात एकदा तिथे बसायला मिळावं, असंही वाटतं. पण आम्ही जे पाहायला रात्री जागतो ते बनतं त्या स्टँडमध्ये, दर पंधरवड्याला येणाऱ्या माणसांमुळे. सगळं स्टेडियम एकदाच येणाऱ्यांनी भरलं तर गाणी कोण सुरू करणार? दूरच्या चाहत्याचं हित आणि घरच्या पाठीराख्याचं हित एकच आहे, हे रिकाम्या स्टेडियमचे सामने पाहिलेल्या कुणालाही पटावं.

पैशाचं म्हणाल तर प्रीमियर लीग क्लबांच्या एकत्रित उत्पन्नात सामन्याच्या दिवशीची कमाई साधारण सातवा भाग असते. सर्वांत मोठा वाटा प्रक्षेपणाचा. मुलांच्या आणि वृद्धांच्या सवलती काढून जे मिळतं ते एका मध्यम खेळाडूच्या पगारातही उठून दिसणार नाही. खालच्या विभागांचं गणित वेगळं आहे. तिथे दाराशी जमणाऱ्या पैशावरच क्लब जगतो, म्हणूनच साथीत ते सगळ्यात आधी गुदमरले. त्यांना दर कमी करा असं वरच्या क्लबांनी सांगू नये. वरच्यांनी खाली पैसा जाऊ द्यावा.

गर्दी पवित्र असते असं मला सुचवायचं नाही. ११ जुलै २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर तिकीट नसलेले सुमारे दोन हजार लोक दारं फोडून आत शिरले. नंतरच्या चौकशीत जीवितहानी थोडक्यात टळली असं स्पष्ट म्हटलं गेलं. पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर जी वंशद्वेषी गरळ ओकली गेली ती याच खेळाच्या चाहत्यांनी ओकली. त्यानंतरच्या हंगामात इंग्लंडमध्ये फुटबॉलशी संबंधित अटका साथीपूर्व काळापेक्षा बऱ्याच वाढल्या. हक्क मागणाऱ्या पाठीराख्यांनी आपल्यातल्या या माणसांना आवरण्याची जबाबदारीही घ्यावी. पण दंगा करणाऱ्यांना महाग तिकीट अडवत नाही, ते अडवतं निवृत्त शिक्षकाला.

आता करायचं काय, याची काही उत्तरं समोर आहेत. सुपर लीगच्या धक्क्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली इंग्लंडमध्ये चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवून आढावा घेतला गेला, त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला. तिकीटदर बदलताना, मैदान हलवताना पाठीराख्यांशी सल्लामसलत करणं क्लबांवर बंधनकारक करण्याची तरतूद झाली. ही मोठी मजल आहे. पण सल्लामसलतीत नकार देण्याचा अधिकार नसतो. जर्मनीत क्लबातला मताधिकार बहुतांशी त्याच्या सदस्यांच्या हातात ठेवण्याचा नियम असल्यानं चाहत्यांच्या नकाराला वजन आहे. तिथल्या लीगनं प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं, तेव्हा २०२३-२४ च्या हिवाळ्यात चाहत्यांनी टेनिसचे चेंडू मैदानात फेकून सामने पुन्हा पुन्हा थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं तो बेत सोडला.

प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत २०१६ पासून ३० पौंड आहे. एवढ्या वर्षांत ती वाढली नाही आणि त्यामुळे कुणाचं दिवाळं निघालं नाही. प्रवास करून येणाऱ्यांना ही मर्यादा लागू होते कारण त्यांच्याशिवाय सामन्याला रंग येत नाही, हे लीगनं स्वतः मान्य केलं होतं. तोच तर्क यजमान बाजूच्या एखाद्या स्टँडला लावायला काय हरकत आहे? प्रत्येक मोठ्या क्लबनं निदान एक स्टँड, गोलच्या मागचा, दराच्या मर्यादेत ठेवावा. त्यातला ठरावीक भाग वीस वर्षांखालच्यांसाठी राखावा. आणि ती मर्यादा बदलायची तर पाठीराख्यांच्या मान्यताप्राप्त संघटनेची संमती घ्यावी, सल्ला नव्हे. २०२२ पासून इंग्लंडमध्ये सुरक्षित उभं राहण्याच्या जागांना पुन्हा परवानगी मिळाली आहे, त्यामुळे अशा स्टँडची रचनाही आता अशक्य राहिलेली नाही.

सुरुवात मुलांच्या तिकिटांपासून व्हावी. क्लबच्या हिशेबात ती रक्कम छोटी आहे, आणि २०२०-२१ मध्ये दहा-बारा वर्षांची असल्यानं ज्यांचा पहिला सामना हुकला ती पिढी लवकरच स्वतःच्या कमाईतून तिकीट घ्यायच्या वयात येते आहे. त्यांच्यापैकी कितीजणांनी स्टँडमध्ये उभं राहून एकही सामना पाहिलेला नाही, याची चौकशी क्लबांनी आतापासून करायला हवी.